टाकं, टँक आणि टाकीतला गंज

नगरमध्ये कुणी ‘टँक’ म्हटलं की डोळ्यांपुढे तोफ उभी राहते. पेट्रोलची असते ती ‘टाकी’. पण दोन्ही शब्दांचं मूळ शोधत गेलं की पाणी लागतं. अकोले तालुक्यातला हरिश्चंद्रगड किंवा रतनगड चढलेल्यांना कातळात खोदलेली टाकी ठाऊक असतात. मराठी-गुजरातीतल्या ‘टाकं’सारख्या शब्दावरून इंग्रजांनी ‘टँक’ उचलला आणि पोर्तुगीज शब्दाने त्याला बळ दिलं, असं बरेच कोशकार मानतात. पुढे १९१५ मध्ये ब्रिटिशांना नव्या रणगाड्याचं गुपित राखायचं होतं. कारखान्यात सांगितलं गेलं की ही मेसोपोटेमियाला पाठवायची पाणी वाहून नेणारी वाहनं आहेत. नाव पडलं ‘टँक’!

ते नाव नगरला पोचलं ते लष्कराबरोबर. रॉयल टँक कोअरच्या प्रशिक्षणाची इथे सोय झाली आणि १९४८ पासून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथेच आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडी आजही पाहायला मिळते. बघणारा चिलखत बघतो, तोफ बघतो. टाकीत कोण डोकावतो?

जुन्या गाडीचा खरा शत्रू मात्र तिथेच बसलेला असतो. पत्र्याची टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी वर्षानुवर्षं उभी केली की रिकाम्या भागात हवा ये-जा करते. नगर पर्जन्यछायेतलं, कोरडं. पण दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांतला फरक मोठा. थंड पत्र्याला आतून घाम फुटतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तो घाम ओघळून तळाशी साचतो आणि तिथूनच गंज चढतो. वर उरलेलं पेट्रोल आटून त्याचा चिकट थर धरतो. मग एके दिवशी हौसेने गाडी सुरू करावी, तर गंजाची खपली कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकते.

पूर्वी पेट्रोल डब्यांतून यायचं, तेव्हा जाणकार ते मऊ कातडं लावलेल्या नरसाळ्यातून ओतत. पेट्रोलने भिजलेलं कातडं पेट्रोल सोडतं, पाणी अडवतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची टाकी तर चक्क चालकाच्या आसनाखाली. अशा टाकीकडे दुर्लक्ष करणं म्हणजे धाडसच म्हणायचं.

सफाईची रीत जुनीच. टाकी उतरवायची, उघड्यावर पूर्ण रिकामी करायची, धुवायची. मग आत साखळी किंवा मूठभर नट टाकून ती चारही बाजूंनी हलवायची. सुटली नाही ती खपली सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात भिजत ठेवून सोडवायची, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकी लगेच वाळवायची. इथे चहाला वेळ नाही. ओला उघडा पत्रा बघता बघता पुन्हा तांबूस होतो. भोक असेल तर घाईने वेल्डिंग करणं सगळ्यांत वाईट: पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी घातक.

आता या गोष्टीत उसाचाही वाटा आहे. पेट्रोलमध्ये उसापासून होणारं अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, मिसळायचा कायदा भारतात १९४८ मध्येच झाला होता. त्याच सुमारास याच जिल्ह्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. २००३ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के इथेनॉलचं मिश्रण सुरू झालं, आता ते वीस टक्क्यांवर गेलं आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन पाण्यासकट तळाशी उतरतं. शेतकऱ्याला चार पैसे देणारा ऊस जुन्या गाडीच्या मालकाला मात्र टाकी उतरवायला लावतो.

म्हणून बंद गाडी विकत घेताना मुरलेला मेकॅनिक आधी थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून घेतो आणि बाटली सावलीत ठेवतो. थोड्या वेळाने तळाशी एक वेगळी रेघ दिसते. मग तो किंमत बोलायला लागतो.