लोणारचं खारं, वाशिमचं गोडं

मंडळी, वाशिमच्या नळाला एकबुर्जी धरणाचं पाणी येतं. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवराचं पाणी मात्र पिण्याच्या कामाचं नाही. दगड दोन्हीकडे तोच, काळा. मग फरक कुठं पडला? धरण भरलं की सांडव्यावरून पाणी निघून जातं. लोणारला उल्का आदळून पावणेदोन किलोमीटरभर रुंद खड्डा पडला, त्यातून बाहेर जायला वाटच नाही. पाणी उन्हानं उडतं, क्षार मागं राहतात.

हेच क्षार एकेकाळी दौलत होते! अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त लोणारजवळ काच आणि साबणाला लागणारा माल मिळतो, सरकारला त्यातून महसूल येतो, अशी नोंद आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा कुणी शाप म्हणालं, कुणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं तर ते खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेलं.

एकबुर्जीत घाण गेली तर आपण दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत जाऊ, कारण ती आपल्या माठात येते. लोणारमध्ये गावाचं सांडपाणी वर्षानुवर्षं उतरलं, प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. काही जण म्हणतात, पाणी थोडं गोडं झालं तर बिघडलं काय? अहो, खारेपणा गेला की त्यावर जगणारे जीवही गेले. गोड्या पाण्याची तळी आपल्याकडे गावोगाव आहेत, हे असं एकच आहे.