सी-रिॲक्टिव्ह प्रथिन

जंतूशी पूर्वपरिचय नसतानाही त्याचा तत्काळ मुकाबला करणारी जी उपजत रोगप्रतिकारव्यवस्था शरीरास लाभलेली आहे, तिच्या दिमतीस असणारे, यकृतात निर्माण होणारे रक्तप्रथिन. वैद्यकव्यवहारात ते ‘सीआरपी’ या संक्षेपाने ओळखले जाते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत काम करीत असता, न्यूमोनियाच्या रुग्णांचा रक्तरस न्यूमोकॉकस जंतूच्या ‘सी’ नामक बहुशर्करेत मिसळला की साका धरतो आणि रोगी बरा होऊ लागताच रक्तरसाचा हा गुण लोपतो, असे विल्यम टिलेट व टॉमस फ्रान्सिस यांना १९३० मध्ये आढळले.

या प्रथिनाचे पाच एकसारखे घटक कंकणाकृती मांडलेले असून, कॅल्शियमच्या साहाय्याने ते फॉस्फोकोलीनला चिकटते व रक्तातील पूरक प्रथिनांना कार्यप्रवृत्त करते. फॉस्फोकोलीन जसे जंतूंच्या पृष्ठभागावर, तसेच मृतप्राय कोशिकांच्या पटलावर आणि रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या, पण ऑक्सिडीकरणाने बिघडलेल्या एलडीएल कणांवरही उघडे पडते. म्हणूनच जंतूंच्या बंदोबस्तासाठी असलेल्या या प्रथिनाची गाठ कोलेस्टेरॉलशी पडते.

रोहिण्यांच्या भिंतींत मेदाचे विलेप साचविणाऱ्या रोहिणीविलेपी विकाराच्या मुळाशी शोथ (दाह) आहे, असे रूडोल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकातच प्रतिपादिले होते. परंतु सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह यांनी १९१३ मध्ये सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत विलेप उत्पन्न करून दाखविल्यावर पुढे कोलेस्टेरॉलचाच बोलबाला झाला आणि फिरखोंचे म्हणणे जणू दप्तरी दाखल होऊन पडले. वस्तुतः हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी नव्हतेच. रोहिणीच्या भिंतीत साचलेले एलडीएल महाभक्षी कोशिका गिळतात, कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनतात, त्यांच्या उपद्रवाने इंटरल्यूकिन-१ व त्यामागोमाग इंटरल्यूकिन-६ ही शोथ चेतविणारी द्रव्ये स्रवतात, आणि या दुसऱ्या द्रव्याच्या प्रेरणेने यकृत सीआरपी वाढविते.

वरवर निरोगी दिसणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांपैकी ज्यांच्या रक्तात सीआरपी सर्वाधिक होते, त्यांना पुढे हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव सुमारे तिप्पट होता, असे पॉल रिडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखविले. १७,८०२ व्यक्तींवरील ‘ज्युपिटर’ चाचणीत (२००८) एलडीएल बेताचे पण सीआरपी अधिक असलेल्यांना रोसुव्हास्टॅटिन हे स्टॅटिन वर्गातील कोलेस्टेरॉल उतरविणारे औषध दिले असता हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग ४४ टक्क्यांनी घटले. मात्र स्टॅटिनाने एलडीएल व सीआरपी दोन्ही उतरत असल्याने श्रेय कोणाचे, हा तंटा मिटला नाही. तो पुष्कळसा मिटविला २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीने : इंटरल्यूकिन-१ बीटाला रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने, एलडीएलला धक्काही न लावता, असे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. त्याची किंमतही मोजावी लागली. प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले.

तथापि ज्यांच्या रक्तात आनुवंशिकतेनेच सीआरपी अधिक असते त्यांना हृदयविकार अधिक होत नाही, हे जनुकीय अभ्यासांतून निष्पन्न झाले असल्यामुळे या प्रथिनास आरोपी न मानता साक्षीदार मानणेच न्याय्य ठरते.

करोनाच्या साथीत घरोघरी पोचलेले सीआरपीचे मोठाले आकडे तीव्र संसर्गाचे निदर्शक होते. रोहिण्यांच्या संदर्भात ‘एचएस-सीआरपी’ ही अधिक सूक्ष्म चाचणी केली जाते; तीत लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी प्रमाण अल्प धोक्याचे, तर ३ हून अधिक प्रमाण जास्त धोक्याचे गणतात. आकडा १० च्या वर गेल्यास अन्यत्र संसर्ग वा इजा असण्याचा संभव असल्याने, तो त्रास ओसरल्यावर काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते.