जिची खंडणी कोणी भरली नाही

चेन्नईच्या पोस्टिंगमध्ये असताना पुदुच्चेरीला दोन-तीनदा जाणं झालं. तिथल्या जुन्या फ्रेंच वस्तीत, समुद्राजवळच्या चर्चसमोर, जोन ऑफ आर्कचा पुतळा आहे. अठराव्या शतकात याच गावासाठी इंग्रज आणि फ्रेंच आपल्या किनाऱ्यावर लढले. पण जोनची लढाई त्याच्याही तीनशे वर्षं आधीची, थेट फ्रान्सच्या मातीतली. पुतळ्यापाशी थांबणारे लोक तिला जाळलं एवढंच सांगतात. आम्हा फौजींना त्याच्या आधीचा एक प्रश्न पडतो. ती शत्रूच्या हाती लागली तेव्हा तिच्या बाजूने काय केलं?

या युद्धाला 'शंभर वर्षांचं युद्ध' हे नाव इतिहासकारांनी फार नंतर दिलं. प्रत्यक्षात ते १३३७ ते १४५३ असं, मधे तह आणि विश्रांती घेत, ११६ वर्षं चाललं. फ्रान्सच्या गादीवर इंग्लंडच्या राजाने सांगितलेला हक्क हे त्याचं मोठं कारण. या युद्धात कैदी म्हणजे रोकड होती. सरदार पकडला की त्याला मारायचं नाही, सांभाळायचं आणि खंडणी घेऊन सोडायचं, अशी रीत. १३५६ साली प्वातिएच्या लढाईत फ्रान्सचा राजा जॉन दुसरा इंग्रजांच्या हाती लागला. त्याच्या सुटकेसाठी ३० लाख सोन्याची नाणी ठरली आणि ती भरण्यासाठी फ्रान्सच्या रयतेवर कर बसले.

रीत मोडलीही जाई. २५ ऑक्टोबर १४१५ला आझँकूरच्या चिखलात इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला वाटलं, पुन्हा हल्ला होतोय. त्याने हाती असलेले कैदी कापायचा हुकूम दिला. मोठ्या किमतीचे काही मात्र वगळले. वाचलेल्यांपैकी ऑर्लेयाँचा ड्यूक पुढे २५ वर्षं इंग्लंडात कैदेत राहिला आणि १४४०मध्ये खंडणी ठरवून परतला. म्हणजे उशिरा का होईना, त्याची कोणीतरी आठवण ठेवली होती.

त्याच ड्यूकच्या शहराला, ऑर्लेयाँला, इंग्रजांनी ऑक्टोबर १४२८मध्ये वेढा घातला. डोंरेमी गावच्या शेतकऱ्याची, जेमतेम सतरा वर्षांची मुलगी २९ एप्रिल १४२९ला शहरात पोहोचली. ७ मेला पुलावरच्या गढीवर हल्ला करताना तिला बाण लागला, तरी ती पुन्हा उभी राहिली. दुसऱ्या दिवशी वेढा उठला. १८ जूनला पाते इथे इंग्रजांची मैदानात दाणादाण उडाली. १७ जुलैला रीम्सच्या चर्चमध्ये सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, तेव्हा ती आपलं निशाण घेऊन जवळ उभी होती.

पुढच्या वर्षी, २३ मे १४३०ला, काँपिएन्य शहराबाहेर तिने बर्गंडीच्या फौजेवर छापा घातला. बर्गंडी म्हणजे तेव्हा इंग्रजांचा दोस्त. शत्रूची कुमक आली, माघार घ्यावी लागली आणि ती पिछाडी सांभाळत राहिली. माणसं आत शिरली, शत्रू पुलापर्यंत येऊन भिडला आणि किल्लेदाराने दरवाजा बंद करून घेतला. ती बाहेर राहिली. एका तिरंदाजाने तिला घोड्यावरून खाली ओढलं.

त्या किल्लेदारावर फितुरीचा आरोप आजही होतो. मला तो पटत नाही. दारात शत्रू असताना दरवाजा उघडा ठेवणारा अधिकारी एका माणसासाठी अख्खं शहर पणाला लावतो. काँपिएन्य पडलं नाही. ऑक्टोबरात त्याचा वेढा उठला. पिछाडी सांभाळणाऱ्याला हा धोका ठाऊक असतो, तिलाही असणार. त्या संध्याकाळचा निर्णय कठोर होता, पण सैनिकी होता.

माझा आक्षेप पुढच्या सहा महिन्यांवर आहे. जोन ज्याच्या कैदेत होती तो लक्झेंबर्गचा जाँ पैशांना नाही म्हणणारा नव्हता. नोव्हेंबरपर्यंत त्याने १०,००० लिव्ह्रांना तिला इंग्रजांच्या स्वाधीन केलं. त्याच काळात इंग्रजांचा नामांकित सेनापती टॅल्बट फ्रेंचांच्या ताब्यात होता, तोही पातेला, म्हणजे जोन ज्या फौजेत होती तिनेच पकडलेला. चार्ल्सने खंडणी देऊ केल्याची किंवा अदलाबदल सुचवल्याची नोंद मिळत नाही. इंग्रजांना तिची चिता हवी होती, पॅरिसच्या विद्यापीठाने पाखंडाचा खटला मागितला होता, त्यामुळे प्रयत्न फसलाही असता. पण फसलेला प्रयत्न आणि न केलेला प्रयत्न यांत फरक आहे. १४३३मध्ये टॅल्बटची अदलाबदल झाली, ती पोताँ द झँत्राय या फ्रेंच सरदारासाठी. मार्ग होता. शेतकऱ्याच्या मुलीसाठी तो कोणी चालून पाहिला नाही.

ती स्वतः सुटायची धडपड करत राहिली. एकदा तर बोर्व्हारच्या बुरुजावरून तिने उडी टाकली. रुआँला बिशप कोशाँसमोर खटला चालला. चर्चचा खटला म्हणून चर्चची कोठडी मिळायला हवी होती. तिला किल्ल्यात इंग्रज शिपायांच्या पहाऱ्यात, बेड्या घालून ठेवलं. ३० मे १४३१ला जुन्या बाजाराच्या चौकात तिला जाळलं आणि राख सेन नदीत टाकली. तेव्हा ती सुमारे एकोणीस वर्षांची होती.

युद्ध जिंकलं ते पुढे, व्यवस्थेने. चार्ल्सने १४४५पासून कायम पगारी फौज उभी केली, ब्यूरो बंधूंनी तोफखाना सुधारला. १७ जुलै १४५३ला कास्तियोंमध्ये त्याच तोफांसमोर टॅल्बट पडला. १४४९मध्ये रुआँ परत मिळाल्यावर खटल्याची कागदपत्रं हाती आली आणि चार्ल्सने चौकशी लावली. आपला मुकुट एका पाखंडी मुलीने मिळवून दिला, हा डाग राजालाही नको होता. ७ नोव्हेंबर १४५५ला जोनची म्हातारी आई इझाबेल पॅरिसच्या नोत्र दाममध्ये अर्ज घेऊन उभी राहिली. ७ जुलै १४५६ला शिक्षा रद्द झाली. १९२०मध्ये चर्चने जोनला संत केलं, मात्र हुतात्मा म्हणून नाही. जाळणारे न्यायाधीश चर्चचेच होते. त्यांना धर्माचे वैरी कसं म्हणणार?

आज युद्धकैद्यांसाठी जिनिव्हा करार आहे आणि कैद्याची किंमत त्याच्या घराण्यावरून ठरत नाही. तरी जे परतले नाहीत त्यांच्या घरच्यांना विचारा, वाट पाहणं काय असतं. स्मारकावर फुलं वाहणं हे आपलं कर्तव्यच आहे. पण आपला माणूस शत्रूच्या कोठडीत जिवंत असतो, तेव्हा रोज एक पत्र, रोज एक मागणी, रोज एक दार ठोठावणं हे पहिलं कर्तव्य. चार्ल्सकडे त्यासाठी एक वर्ष आणि सात दिवस होते.