तालवाद्याविना ताल

सॅक्सोफोन पितळेचा खरा, पण त्याची जात सनईची. आवाज उठतो तो तोंडाशी बसवलेल्या वेताच्या पातळ पट्टीतून. बेल्जियमच्या अडॉल्फ साक्स या कारागिराने १८४६ मध्ये पॅरिसला त्याचे पेटंट घेतले. उंच सुरापासून खर्जापर्यंत या वाद्याचे सारे कुटुंबच त्याने घडवले. तेव्हा चार सॅक्सोफोन एकत्र वाजवण्याची कल्पना काही नवी नाही. सँजेली या रचनाकाराने १८५७ मध्येच तशी रचना लिहिली होती. जॅझमध्ये मात्र सॅक्सोफोनच्या पाठीशी ड्रम आणि डबल बास असायचेच. तबलजी उठून गेला तर मैफल उभी राहायची कशी?

हे धाडस १९७६ साली अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स येथे चौघांनी केलं. ज्यूलियस हेम्फिल, ऑलिव्हर लेक, हॅमिएट ब्लुएट आणि डेव्हिड मरे. पहिले तिघे सेंट लुईस शहरातल्या 'ब्लॅक आर्टिस्ट्स ग्रुप' या कृष्णवर्णीय कलावंतांच्या संस्थेत एकत्र वाढलेले. मरे वयाने धाकटा, कॅलिफोर्नियाचा. पुढे ही चौकडी 'वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेट' म्हणून गाजली.

आरंभी त्यांचा भर ऐन वेळी सुचेल ते वाजवण्यावर होता. पण ठेका धरणारं कोणी नसलं, की मोकळेपणाचा लवकरच गोंगाट होतो. म्हणून हेम्फिल यांनी लेखणी हाती घेतली. १९८० मध्ये ध्वनिमुद्रित झालेली 'रिव्ह्यू' ही तबकडी मिलानच्या 'ब्लॅक सेंट' कंपनीने १९८२ मध्ये काढली. तीत सगळ्या रचना त्यांच्या स्वतःच्या. बहुतेक हेम्फिल यांच्या, 'मिंग' मरे यांची. ब्लुएट यांचा बॅरिटोन खालून ठेका धरतो, वर तिघे कधी एकमेळाने, कधी वाद घालीत जातात.

याचे मोल नुसत्या कसरतीत नाही. कृष्णवर्णीय वादकाला 'उपजत अंग आहे' म्हणून वाखाणायचे, आणि रचनाकाराचा मान दुसऱ्याला द्यायचा, अशी अमेरिकेत जुनी रीत. इथे तर रचनेवाचून निभावच नव्हता. एकाचा श्वास कुठे संपेल आणि दुसऱ्याने तो कुठे उचलायचा, हे आधी ठरवावंच लागतं. ते ठरवणारे हेच चौघे होते.

ही तबकडी कधी मिळाली, तर श्रोतेहो, प्रथम तळाचा खर्ज ऐका. ड्रमची आठवणही होणार नाही.