खरेदीखत की भाडेकरार?

शंकराचार्यांचा मठ असलेल्या संकेश्वरात खंडनाआधी पूर्वपक्ष पुरता मांडायला हवा. तो असा: ई-पुस्तक ही वस्तूच नव्हे, अटी मान्य करून ग्राहकाने फक्त वाचण्याचा परवाना घेतलेला असतो, तेव्हा मालकीची भाषा व्यर्थ.

वस्तू हातात धरता येत नाही म्हणून मालकी नाही, हे टिकत नाही. 1996 च्या डिपॉझिटरीज कायद्यानंतर शेअर कागदावरून संगणकातल्या नोंदीत गेले. ते आपण विकतो, तारण ठेवतो, वारसांच्या नावावर चढवतो. तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात ठरवले. पुढे 2011 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सॉफ्टवेअरच्या किमतीला कॉपीराइटची रॉयल्टी मानले. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मत फिरवले. करारात 'परवाना' म्हटले असले तरी व्यवहार मालाच्या विक्रीचाच, असा तो निर्णय. वाद आयकराचा होता हे खरे, पण नावाआड व्यवहार काय आहे ते पाहण्याची ही रीत ग्राहकाच्याही कामाची आहे.

खरेदीखत आणि भाडेकरार यांतला फरक आमच्या भागातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही. बटणावर 'विकत घ्या' लिहून पूर्ण किंमत घ्यायची आणि अटींच्या पोटात भाडेकरार ठेवायचा, ही मला दिशाभूल वाटते. कॅलिफोर्नियात 2025 पासून, हा परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय असे बटण ठेवता येत नाही.

'दुकानाने पुस्तक काढून घेतले तरी पैसे परत मिळतात ना?' असेही विचारतात. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, विकलेली पुस्तके काढून घेतली आणि पैसे परत दिले. पण विकलेली जमीन, किंमत परत करतो म्हणून, मालकाच्या संमतीवाचून कोणी काढून घेऊ शकतो का? इथून मराठी पुस्तकासाठी अनेकदा कोल्हापूर किंवा बेळगाव गाठावे लागते. ई-पुस्तकाने ती खेप वाचवली, म्हणूनच ते शेजारच्या काकूंना वाचायला देता येत नाही, लेकीसाठी मागे ठेवता येत नाही, याचे दुःख जास्त.

फेरविक्रीबाबत प्रतिपक्षाचे मला काही अंशी पटते. फाइलची नक्कल झिजत नाही, लेखकाचे पोट त्यावर आहे. युरोपच्या न्यायालयानेही 2019 मध्ये वापरलेल्या ई-पुस्तकांची फेरविक्री नाकारली. पण घेतलेले जवळ राहणे हा वेगळा हक्क. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार मोडू देणाऱ्या अटीला अन्याय्य करारात गणतो. मात्र ती तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही. शे-दोनशे रुपयांच्या पुस्तकासाठीही राज्य आयोगाकडेच जावे लागते.