तोडीच्या वहीतला नवा रकाना

मेळघाटात किंवा गडचिरोलीत ‘कुपाचं काम’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. या कुपाचा विहिरीशी संबंध नाही. फ्रेंचमध्ये तोडणीला ‘कूप’ म्हणतात. इंग्रज वनाधिकाऱ्यांनी तो शब्द उचलला, त्यांच्या कागदांतून तो मजुरांच्या तोंडी आला आणि इथलाच होऊन गेला. कूप म्हणजे हद्द आखून तोडीला काढलेला जंगलाचा तुकडा. झाडांवर खुणा करायच्या, तोडायची, ओंडके मोजून डेपोत लावायचे. वहीत नोंद व्हायची ती बाहेर पडलेल्या लाकडाची. तोडताना आजूबाजूचं काय मोडलं, त्याला रकाना नव्हता.

तो रकाना पुढे उघडला, पण इथे नव्हे; बोर्निओ बेटावरच्या साबा या मलेशियाच्या राज्यात.

तिथल्या जंगलातले डिप्टेरोकार्प वृक्ष आपल्या सालाचे भाऊबंद, पण उंचीला पन्नास मीटरच्याही वर जाणारे. तिथे सरसकट तोड होत नसे; मोठी, विकाऊ झाडं तेवढी निवडून पाडली जात. ऐकायला हे सौम्य वाटतं. पण शेंड्याशेंड्यांना जाड वेलींनी जखडलेलं असतं, त्यामुळे एक झाड कोसळताना शेजारच्यांना ओढून घेऊन जातं. मग बुलडोझरवाला येतो. पाडलेलं झाड नेमकं कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. तो शोधत फिरतो आणि प्रत्येक फेरीला रोपं चिरडतो, माती सोलतो. ओंडका निघून जातो. मागे उरलेल्या फांद्या, बुंधे, मुळं आणि मोडलेली झाडं कुजत राहतात आणि त्यांच्यातला कार्बन हवेत जातो.

यावरचे उपाय जुनेच होते. तोडीआधी वेली कापल्या तर नुकसान कमी होतं का, याचा अभ्यास साबामध्येच 1968 साली प्रसिद्ध झाला होता. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये डच वनशास्त्रज्ञांनी ओंडके ओढायच्या वाटा आधीच आखून घ्यायची पद्धत बसवली. तिच्यावरचा हेंड्रिसन यांचा प्रबंध 1990चा. म्हणजे शहाणपण होतं, पण त्याला गिऱ्हाईक नव्हतं. ठेकेदाराला लाकडाच्या मापावर पैसे मिळत. वाचलेल्या रोपट्याचे कोण देणार?

गिऱ्हाईक आलं 1992मध्ये, आणि तेही लाकडाच्या धंद्याबाहेरून. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या एका वीज कंपनीने साबातल्या तोड कंपनीशी करार केला: 1,400 हेक्टरांत जपून तोड करा, वरखर्च आम्ही देतो, जंगलात जो जास्तीचा कार्बन शिल्लक राहील, तो आमच्या धुराड्यांच्या खाती वळता करा. त्याच वर्षी रिओमध्ये हवामान करार झाला होता, पण उत्सर्जनावर बंधन घालणारा क्योटो करार अजून पाच वर्षं दूर होता. कंपनीवर सक्ती कसलीच नव्हती.

नियम साधे होते. वेली काही महिने आधी कापायच्या, म्हणजे त्या वाळून सुटतात. प्रत्येक झाड नकाशावर मांडायचं, ते कुठल्या बाजूला पडेल हे ठरवायचं आणि मगच करवत लावायची. ओढवाटा आधी आखायच्या. ओढ्याकाठ आणि तीव्र उतार सोडून द्यायचे. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस पुट्झ आणि मिशेल पिनार्ड यांनी या प्रयोगावर लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातून ‘रिड्यूस्ड इम्पॅक्ट लॉगिंग’ हे नाव रुळलं. आपल्या भाषेत, कमी नासधुशीची तोड. 1996मध्ये त्यांनी मोजमाप मांडलं: तोडीनंतर वर्षभराने नेहमीच्या पद्धतीच्या जंगलात मूळ जैवभाराच्या 44 टक्के उरला होता, जपून तोडलेल्या जंगलात 67 टक्के. रकाना भरला गेला तो असा. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तोडीची आदर्श संहिता काढली आणि ही पद्धत जगभर गेली.

नाव मोठं झालं की मोजणं मागे पडतं. नियम पाळल्याचे शिक्के मिळू लागले, पण कार्बन खरोखर वाचतोय का, हे कुपात उतरून पाहणारे थोडे. इंडोनेशियाच्या पूर्व कालीमंतानमधल्या नऊ तोडक्षेत्रांत असं मोजून पाहिलं, तेव्हा 2014मध्ये निकाल आला: प्रमाणपत्र असलेल्या क्षेत्रांचं एकूण उत्सर्जन इतरांपेक्षा कमी आढळलं नाही. ओढवाटांवरचं नुकसान घटलं होतं, बाकीचं नाही. मग नावाच्या शेवटी आणखी एक अक्षर चिकटलं: कार्बनचा ‘सी’. या नव्या रूपात नियम पाळले की नाही हे विचारत नाहीत. पाडलेलं झाड, ओढवाट आणि रस्ता या तिन्हींचा कार्बन जागेवर मोजतात. कार्बन क्रेडिटसाठीची त्याची रीत 2016 साली मान्य झाली.

त्या मोजणीतून एक जुनीच चूक उघडी पडली. कित्येक झाडं पाडल्यावर आतून पोकळ निघत आणि तिथेच टाकून दिली जात. एक घनफूटही लाकूड न देता झाड जाई, शेजारची दोन-चार घेऊन. वहीत मात्र त्याचं नाव नसे, कारण बाहेर काही गेलंच नव्हतं. उपाय हातातलाच आहे: पाडण्याआधी करवतीचं टोक खोडात सरळ खुपसून पाहायचं. पोकळ लागलं, तर करवत काढून घ्यायची आणि झाड उभं ठेवून पुढे जायचं.