80 वरून 443 कडे: एका वळणाचा इतिहास

सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढायला सोलापूरकराने स्टेशनची रांग सोडून सायबर कॅफेची खुर्ची धरली, तो काळ साधारण 2005 नंतरचा. आयआरसीटीसीची ऑनलाइन विक्री 2002 मध्येच सुरू झाली होती, पण तेव्हा छापील तिकीट कुरियरने घरी यायचं. ई-तिकीट आलं आणि मुंबईचा प्रवास कॅफेतल्या प्रिंटरवर उतरू लागला. कॅफेतल्या सगळ्या संगणकांचं जाळं एकच, शेजारच्या खुर्चीत अनोळखी माणूस, आणि सगळ्यांचे पासवर्ड त्याच तारेतून जाणारे. वेबसाइट बांधणाऱ्यांना छळणारा एक प्रश्न अशाच ठिकाणी अंगावर येत होता: आलेल्या माणसाला उघड्या जोडणीवरून सुरक्षित जोडणीवर वळवायचं कुठे, आणि परत आणायचं का?

सुरक्षित जोडणी नेटस्केप कंपनीने घडवली. साध्या वेबचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं क्रमांकित दार, 80 होता, तिने 1994 मध्ये सांकेतिक वेबसाठी 443 घेतला. या जोडणीच्या नियमांची, म्हणजे एसएसएलची, दुसरी आवृत्ती 1995 मध्ये बाहेर आली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला व्हीएसएनएलने मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट खुलं केलं. मात्र अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे बाहेरच्या देशांना मिळणाऱ्या ब्राउझरची किल्ली फक्त 40 बिटांची असे. फ्रान्समधल्या दामियँ दोलिजेने 1995 मध्येच तशी एक किल्ली आठ दिवसांत फोडून दाखवली. ही बंदी सैल व्हायला जानेवारी 2000 उजाडलं.

सांकेतिक जोडणी सर्व्हरचा वेळ खायची, म्हणून सगळ्यांनी काटकसरीचा मार्ग धरला. लॉगिन आणि पैसे भरण्याचं पान 443 वर, बाकी साइट 80 वर. पासवर्ड जुळला की सर्व्हर 302 हा आकडा आणि नवा पत्ता पाठवून माणसाला साध्या जोडणीवर परत सोडायचा.

घात इथेच होता. पासवर्ड झाकून गेला तरी ओळख पटवणारी कुकी पुढच्या प्रत्येक पानाबरोबर उघडी फिरत राहायची. ऑक्टोबर 2010 मध्ये एरिक बटलरने फायरशीप नावाची फायरफॉक्सची जोड प्रसिद्ध केली, आणि त्याच वायफायवर बसलेल्या दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात एका क्लिकने शिरता येऊ लागलं. जीमेलने त्याच वर्षीच्या जानेवारीत सगळ्यांसाठी कायम एचटीटीपीएस, म्हणजे 443 वरची सुरक्षित जोडणी, लावलं होतं. फेसबुकला तिथवर यायला 2013 उजाडलं. इतक्या लोकांची खासगी पत्रं इतकी वर्षं उघड्यावर राहावीत, याला सर्व्हरच्या खर्चाचं कारण पुरत नाही.

दुसरा धक्का त्याआधीच, फेब्रुवारी 2009 मध्ये बसला होता. मॉक्सी मार्लिनस्पाइकने ब्लॅक हॅट परिषदेत एसएसएलस्ट्रिप दाखवलं. माणूस पत्ता टाइप करतो, ब्राउझर आधी 80 वर जातो, सर्व्हर ‘443 वर या’ म्हणतो. पण तो निरोपच मधला माणूस अडवतो. स्वतः सर्व्हरशी सुरक्षित बोलतो आणि गिऱ्हाइकाला साधं पान देत राहतो. कसलाही इशारा येत नाही, पान हुबेहूब तेच दिसतं. कुलपाला हातही न लावता चोरी होते, कारण वळवण्याचा निरोपच उघड्या तारेतून येतो.

उत्तर नोव्हेंबर 2012 मध्ये आरएफसी 6797 म्हणून आलं: एचएसटीएस. सर्व्हर एकदा सांगतो की पुढचे 31536000 सेकंद, म्हणजे वर्षभर, माझ्याकडे फक्त सुरक्षित वाटेने या. मग ब्राउझर 80 चं नावच घेत नाही. पहिल्या भेटीची फट मात्र उरते. तिच्यासाठी अशा साइट्सची यादी ब्राउझरमध्ये आधीच भरून ठेवावी लागली.

लहान धंद्यांची अडचण पैशाची होती. सोलापुरी चादरीचं दुकान चालवणाऱ्याने सुरक्षित जोडणीला लागणाऱ्या प्रमाणपत्रापायी दरवर्षी हजारो रुपये का मोजावेत? डिसेंबर 2015 मध्ये लेट्स एन्क्रिप्टने ते सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली, आणि जुलै 2018 पासून क्रोम प्रत्येक साध्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारू लागला. घाईघाईने वळण लावताना नव्या चुकाही झाल्या. साइटच्या पुढे प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, असेल तर सांकेतिक जोडणी तिथेच संपते; आतल्या सर्व्हरला विनंती साधीच दिसते आणि तो पुन्हा ‘443 वर या’ म्हणतो. वीस फेऱ्या झाल्या की क्रोम हात टेकतो. खरी वाट ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ या ओळीतून कळवली की फेरा तुटतो. 301 हा आकडा पाठवून वळवलेल्या फॉर्ममधली भरलेली माहिती बहुतेक वेळा वाटेतच गळून पडते. त्यासाठी 308 हा आकडा आणावा लागला.

एप्रिल 2021 मध्ये क्रोमच्या 90 व्या आवृत्तीने टाइप केलेला पत्ता आधी 443 वरच शोधायला सुरुवात केली. तरीही 80 बंद करून चालत नाही. जुन्या दुव्यांवरून माणसं तिथेच येतात, आणि लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र नेहमीच्या पद्धतीने काढताना साइट कोणाची आहे हे तपासायला त्यांचा सर्व्हरही आधी 80 वरच येतो.